मॅक्स व्हॅन डेर स्टूल : परराष्ट्रमंत्री ते अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्त

मॅक्स व्हॅन डेर स्टूल (३ ऑगस्ट १९२४ - २३ एप्रिल २०११) हे नेदरलँड्सच्या मजूर पक्षाचे नेते होते. त्यांनी दोन वेळा देशाचे परराष्ट्रमंत्रिपद भूषविले. संयुक्त राष्ट्रांतील नेदरलँड्सचे स्थायी प्रतिनिधी, इराकमधील मानवी हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले विशेष प्रतिवेदक आणि युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेचे पहिले राष्ट्रीय अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्त या पदांवरही त्यांनी काम केले. यांतील अखेरचे पद १ जानेवारी १९९३ ते ३० जून २००१ या काळात त्यांच्याकडे होते आणि त्यांचे नाव आज मुख्यत्वे त्यासाठीच घेतले जाते.

त्यांच्या कारकिर्दीचे दोन भाग वरवर पाहता एकमेकांच्या विरोधी वाटतात. पहिल्या भागात त्यांनी हुकूमशाही राजवटींचे अत्याचार जाहीर व्यासपीठावर मांडले. दुसऱ्या भागात बंद दाराआड बोलणे, गोपनीय पत्रे लिहिणे आणि कोणत्याही सरकारला चारचौघांत न दुखावणे हीच त्यांची कार्यपद्धती झाली. हा स्वभावातील बदल नव्हता. जाहीर निषेधाचा उपयोग कोठे होतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा अनुभव त्यांनी मंत्रिपदावर असतानाच घेतला होता.

प्रारंभीची वाटचाल

व्हॅन डेर स्टूल यांचा जन्म लायडन शहराजवळील फोरस्कोटन येथे एका डॉक्टरच्या घरी झाला. मे १९४० मध्ये नाझी जर्मनीने नेदरलँड्स व्यापला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. युद्धानंतर, १९४७ मध्ये, त्यांनी लायडन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि पुढे समाजशास्त्राचेही शिक्षण पूर्ण केले. १९५० च्या दशकात मजूर पक्षाच्या अभ्यास संस्थेत आणि नंतर पक्षाचे आंतरराष्ट्रीय सचिव म्हणून त्यांनी काम केले. १९६० मध्ये ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहात आणि १९६३ मध्ये कनिष्ठ सभागृहात दाखल झाले. १९६५-६६ मध्ये परराष्ट्र खात्याचे कनिष्ठ मंत्री म्हणून त्यांना सव्वा वर्षाचा कालावधी मिळाला.

ते सभा गाजविणारे वक्ते नव्हते. कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास करणारा, मोजके बोलणारा संसदपटू अशी त्यांची ओळख होती. ग्रीसच्या प्रकरणात नेमका हाच गुण कामी आला.

ग्रीसचा अहवाल

एप्रिल १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या गटाने सत्ता बळकावली. ग्रीस हा युरोप परिषदेचा सदस्य होता आणि या परिषदेचे सदस्यत्व लोकशाही व कायद्याच्या राज्याशी जोडलेले होते. पण एखादा सदस्य देशच लोकशाही गुंडाळून ठेवू लागला तर काय करायचे, याचा अनुभव परिषदेला नव्हता. परिषदेच्या सल्लागार सभेने ग्रीसमधील परिस्थितीचा अहवाल तयार करण्याचे काम व्हॅन डेर स्टूल यांच्याकडे सोपविले. १९६८ मध्ये त्यांनी ग्रीसला भेटी दिल्या, लोकांना भेटून माहिती गोळा केली. त्यानंतर लष्करी राजवटीने त्यांना पुन्हा देशात येऊ दिले नाही.

जानेवारी १९६९ मध्ये त्यांचा अहवाल सभेपुढे आला. सदस्यत्वाच्या अटी ग्रीस पूर्ण करीत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. छळाच्या तक्रारींची चौकशी युरोपीय मानवी हक्क आयोग स्वतंत्रपणे करीत होता. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व नेदरलँड्स या चार देशांनी तेथे तक्रार गुदरली होती. दोन्ही बाजूंनी कोंडी झाल्यावर, हकालपट्टीचा ठराव मतदानाला येण्यापूर्वीच, १२ डिसेंबर १९६९ रोजी ग्रीसने परिषदेतून माघार घेतली. राजवट त्यामुळे कोसळली नाही. ती आणखी साडेचार वर्षे टिकली. मात्र लोकशाही युरोपच्या पंगतीत हुकूमशहांना पान मांडले जाणार नाही, हा पायंडा या प्रकरणाने पडला. १९७४ मध्ये लोकशाही परतल्यावर ग्रीस पुन्हा परिषदेत आला.

मंत्रिपद आणि प्रागमधील भेट

मे १९७३ मध्ये योप डेन आउल यांच्या मंत्रिमंडळात व्हॅन डेर स्टूल परराष्ट्रमंत्री झाले. काही महिन्यांतच अरब देशांनी, इस्राएलला पाठिंबा दिल्याबद्दल, अमेरिकेबरोबर नेदरलँड्सचाही तेलपुरवठा तोडला. ४ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी घालण्यात आली आणि डच कुटुंबे मोकळ्या महामार्गांवर सायकली घेऊन फिरू लागली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले, तेही याच मंत्रिमंडळाच्या काळात. मजूर पक्षातील तरुण डाव्या गटाला नाटो करार नकोसा होता. व्हॅन डेर स्टूल अखेरपर्यंत नाटोचे समर्थक राहिले आणि त्यासाठी त्यांनी पक्षांतर्गत टीका सहन केली.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ३५ देशांनी हेलसिंकी येथे अंतिम करारपत्रावर सह्या केल्या. युरोपातील सीमांना त्यात मान्यता मिळाल्याने सोव्हिएत गट समाधानी होता. त्याच कागदात मानवी हक्कांविषयीचे कलमही होते, त्याकडे मॉस्कोने फारसे लक्ष दिले नाही. त्याच कलमाचा आधार घेऊन जानेवारी १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील काही नागरिकांनी ‘चार्टर ७७’ हे निवेदन प्रसिद्ध केले : सरकारने ज्यावर सही केली आहे ते पाळावे, एवढीच त्यांची मागणी होती. नाटककार वाक्लाव हावेल, माजी परराष्ट्रमंत्री यिरी हायेक आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का हे तिघे त्याचे प्रवक्ते होते. हावेल लगेच तुरुंगात गेले.

याच काळात व्हॅन डेर स्टूल प्रागच्या अधिकृत दौऱ्यावर आले. १ मार्च १९७७ रोजी त्यांनी आपल्या हॉटेलात पातोच्का यांची भेट घेतली. भेट थोडाच वेळ चालली, पण एका पाश्चात्त्य देशाचा परराष्ट्रमंत्री चार्टरच्या प्रवक्त्याला उघडपणे भेटला, ही गोष्ट तोवर घडलेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हुसाक यांनी डच मंत्र्याबरोबरची नियोजित भेट रद्द केली. मंत्री मायदेशी परतले. पोलिसांनी ६९ वर्षांच्या, प्रकृती ठीक नसलेल्या पातोच्का यांची पुन्हा दीर्घ चौकशी केली आणि १३ मार्च रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. अंत्यविधीच्या वेळी दफनभूमीवर पोलिसांचे हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होते.

त्या भेटीने चार्टर ७७ जगभर पोहोचला, हे खरे. बारा वर्षांनी हावेल राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा अनेकांना तिची आठवण झाली. परंतु भेटीला आलेला पाहुणा विमानाने निघून जातो आणि यजमानाला पोलिसांच्या खोलीत बसावे लागते, हे सत्यही तिच्यात होते. पुढील आयुष्यात व्हॅन डेर स्टूल यांनी गोपनीयतेला एवढे महत्त्व का दिले असावे, याचा विचार करताना ही घटना बाजूला ठेवता येत नाही.

१९७७ च्या अखेरीस मंत्रिमंडळ गेले. सप्टेंबर १९८१ मध्ये ते पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले, परंतु मजूर पक्ष आघाडीतून बाहेर पडल्याने मे १९८२ मध्ये ती कारकीर्द नऊ महिन्यांच्या आतच संपली. १९८३ ते १९८६ या काळात ते न्यूयॉर्कमध्ये देशाचे स्थायी प्रतिनिधी होते. त्यातील पहिली दोन वर्षे नेदरलँड्स सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. त्यानंतर सरकारला कायदेविषयक सल्ला देणाऱ्या राज्य परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली. १९९१ मध्ये ‘राज्यमंत्री’ हा किताब त्यांना मिळाला. भारतातील राज्यमंत्रिपदाशी या किताबाचे काही नाते नाही. ज्येष्ठ मुत्सद्द्यांना राजमुकुटाकडून दिला जाणारा तो आजीव सन्मान आहे. साधारणपणे निवृत्तीच्या वेळी तो मिळतो. व्हॅन डेर स्टूल यांच्या बाबतीत मात्र खरे काम तेव्हा सुरू व्हायचे होते.

इराक, आणि भारताचा आक्षेप

१९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने त्यांना इराकसाठी विशेष प्रतिवेदक नेमले. जानेवारी १९९२ मध्ये त्यांनी इराकला भेट दिली. त्यानंतर सद्दाम हुसेन यांच्या सरकारने त्यांना दार बंद केले. कुर्दांविरुद्धची अन्फाल मोहीम, बेपत्ता झालेली माणसे, सामूहिक हत्या आणि दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशातील अरबांची दैना यांची नोंद त्यांनी निर्वासितांच्या साक्षी व हाती लागलेली सरकारी कागदपत्रे यांच्या आधारे केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अशी परिस्थिती क्वचितच आढळते, असे त्यांनी पहिल्याच अहवालात नमूद केले. येथे त्यांची भाषा मृदू नव्हती. इराकमध्ये ठिकठिकाणी मानवी हक्क निरीक्षक ठेवावेत, ही त्यांची सूचना बगदादने कधीच मान्य केली नाही.

या प्रकरणाला भारतीय बाजूही आहे. इराकमधील दडपशाहीचा निषेध करणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ६८८ क्रमांकाच्या ठरावावर ५ एप्रिल १९९१ रोजी मतदान झाले तेव्हा परिषदेचा सदस्य असलेला भारत चीनसह तटस्थ राहिला होता. ११ ऑगस्ट १९९२ रोजी व्हॅन डेर स्टूल यांना सुरक्षा परिषदेसमोर माहिती देण्यासाठी बोलावण्यात आले, त्यावेळीही भारताने आपली हरकत नोंदविली. शांतता व सुरक्षितता हे परिषदेचे क्षेत्र आहे, मानवी हक्कांचा स्वतंत्र विचार करण्यासाठी वेगळी यंत्रणा आहे, असे नवी दिल्लीचे म्हणणे होते. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिका व मित्रदेशांनी दक्षिण इराकवर उड्डाणबंदी लादली. एखाद्या अहवालाचा शेवट लष्करी कारवाईत होऊ शकतो, ही भारताची शंका निराधार नव्हती. व्हॅन डेर स्टूल यांनी नोंदविलेले अत्याचारही तितकेच खरे होते. १९९९ मध्ये त्यांनी हे काम सोडले.

उच्चायुक्तपदाची रचना

युगोस्लाव्हियात युद्ध पेटलेले असताना, जुलै १९९२ मध्ये हेलसिंकी येथील शिखर परिषदेत नेदरलँड्सच्या प्रस्तावावरून राष्ट्रीय अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्ताचे पद निर्माण झाले. या पदाच्या नावातील ‘विषयक’ हा शब्द जाणीवपूर्वक निवडलेला आहे. हा अधिकारी अल्पसंख्याकांचा वकील नव्हे. अल्पसंख्याकांच्या प्रश्नातून देशांतर्गत किंवा दोन देशांमधील संघर्ष पेटण्याची चिन्हे दिसताच हालचाल करणे आणि धोका वाढल्यास सदस्य देशांना सावध करणे, हे त्याचे काम. भारतीय राज्यघटनेच्या कलम ३५० ख नुसार नेमला जाणारा विशेष अधिकारी भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींची पाहणी करतो. उच्चायुक्ताकडे वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचाही अधिकार नव्हता. दहशतवादाचा अवलंब वा समर्थन करणाऱ्यांशी संपर्क ठेवण्यास त्याला मनाई होती. उत्तर आयर्लंड आणि तुर्कस्तानातील कुर्द हे प्रश्न त्यामुळे आपोआप कक्षेबाहेर राहिले. ज्यांना या पदाची सर्वाधिक धास्ती होती त्या देशांनी ते स्वीकारण्यापूर्वीच आपल्या घराचे दार लावून घेतले, असेही म्हणता येईल.

मात्र एक मोठी मोकळीक होती. एखाद्या प्रश्नात लक्ष घालण्यासाठी उच्चायुक्ताला संबंधित देशाची किंवा संघटनेची औपचारिक संमती घ्यावी लागत नव्हती. हेगमधील छोट्याशा कार्यालयातून, मूठभर सहकाऱ्यांसह, ६८ वर्षांच्या व्हॅन डेर स्टूल यांनी काम सुरू केले. ‘राष्ट्रीय अल्पसंख्याक’ या संज्ञेची व्याख्या नियमावलीत नव्हती आणि त्यांनी ती करण्याच्या फंदात पडणे टाळले. असा समूह समोर आला की ओळखता येतो, एवढे उत्तर त्यांना पुरेसे वाटे. ते राजधानीत जात, मंत्र्यांना भेटत, मग अल्पसंख्याकांच्या गावी जात. पत्रकारांना फारसे काही सांगत नसत. परतल्यावर परराष्ट्रमंत्र्यांना शिफारशींचे पत्र जाई. ते पत्र आणि त्यावरील सरकारचे उत्तर, दोन्ही पुढे एकत्र प्रसिद्ध होत, म्हणजे सरकारची बाजूही नोंदीत येई. काही महिन्यांनी ते पुन्हा त्याच गावी हजर.

बाल्टिक देशांतील कसोटी

१९९१ मध्ये स्वतंत्र झालेल्या एस्टोनिया व लाटव्हिया यांनी नागरिकत्व दिले ते १९४० पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. सोव्हिएत राजवटीत आलेले लाखो रशियन भाषक त्यामुळे रातोरात कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. एकट्या लाटव्हियात त्यांची संख्या सुमारे सात लाख होती. रशियन सैन्य अद्याप तेथेच होते आणि मॉस्को आपल्या ‘देशबांधवां’च्या हक्कांची भाषा बोलत होते. दुसरीकडे, पन्नास वर्षे दडपलेली आपली भाषा व राष्ट्र पुन्हा अल्पमतात जाईल ही एस्टोनियन व लाटव्हियन जनतेची भीतीही खोटी नव्हती.

जून १९९३ मध्ये एस्टोनियाच्या संसदेने परकीय नागरिकांविषयीचा कायदा संमत केला. येथेच जन्मलेल्यांनाही निवासासाठी नव्याने अर्ज करावा लागणार होता. राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी सही करण्याऐवजी उच्चायुक्त व युरोप परिषदेचे मत मागविले. जुलैमध्ये कायद्यात सुधारणा झाली. तथापि सीमेवरील नार्व्हा आणि सिल्लामाए या रशियन भाषक शहरांनी स्वायत्ततेसाठी १६ व १७ जुलै रोजी सार्वमत जाहीर केले होते. सरकारने बळ वापरून ते थांबविले असते तर रशियाला निमित्त मिळाले असते. व्हॅन डेर स्टूल यांनी तालिन आणि नार्व्हा यांच्यामध्ये खेटे घालून दोन्ही बाजूंकडून आश्वासने मिळविली : सरकार सार्वमत बळाने रोखणार नाही, आणि सर्वोच्च न्यायालय ते बेकायदा ठरवील तर शहरे तो निर्णय मानतील. सार्वमत झाले, कौल अर्थातच स्वायत्ततेच्या बाजूने लागला, न्यायालयाने तो अवैध ठरविला आणि शहरांनी शब्द पाळला. गोळी चालली नाही. न घडलेल्या युद्धाची बातमी होत नाही. त्यामुळे हे आठवडे युरोपच्या इतिहासात फारसे कोणाच्या लक्षात नाहीत.

लाटव्हियात काम अधिक रेंगाळले. १९९४ च्या नागरिकत्व कायद्यातील वार्षिक कोटा अध्यक्ष गुंतिस उल्मानिस यांनी विधेयक परत पाठविल्यावर निघाला, पण वयोगटांनुसार टप्प्याटप्प्याने अर्ज स्वीकारण्याची पद्धत आली आणि अर्जदारांची संख्या नगण्य राहिली. व्हॅन डेर स्टूल वर्षानुवर्षे तेच दोन मुद्दे लिहीत राहिले : टप्पे काढा, आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या नागरिकत्वहीन मुलांना नागरिकत्व द्या. ३ ऑक्टोबर १९९८ च्या सार्वमतात लाटव्हियाच्या मतदारांनी काठावरच्या बहुमताने हे बदल मान्य केले. युरोपीय संघात प्रवेशाची आस नसती तर ते झाले असते का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. उच्चायुक्ताच्या शब्दाला ब्रुसेल्सचे वजन होते. जेथे ते नव्हते तेथे अबोल शिष्टाईचे हात तोकडे पडले.

यश आणि मर्यादा

कोसोव्हो हे त्याचे ठळक उदाहरण. युगोस्लाव्हिया १९९२ पासून संघटनेतून निलंबित होता. व्हॅन डेर स्टूल यांच्याकडे कोसोव्होची विशेष जबाबदारी देण्यात आली, पण बेलग्रेडने दाद दिली नाही. १९९९ मध्ये युद्ध झाले आणि लाखो निर्वासित शेजारच्या मॅसिडोनियात शिरले. १२ मे १९९९ रोजी त्यांनी औपचारिक ‘पूर्वइशारा’ दिला, तो मॅसिडोनियातील वांशिक समतोल ढासळण्याच्या धोक्याबद्दल. आपल्या साडेआठ वर्षांच्या कारकिर्दीत हे अस्त्र त्यांनी एवढ्याच वेळी वापरले.

मॅसिडोनियातील वाद विद्यापीठाचा होता. अल्बेनियन समाजाने डिसेंबर १९९४ मध्ये तेतोव्हो येथे सरकारी परवानगीशिवाय स्वतःचे विद्यापीठ सुरू केले. फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलिसांशी झालेल्या संघर्षात एकाचा बळी गेला. सरकारला अल्बेनियन भाषेतील उच्च शिक्षण म्हणजे फुटीरतेची पहिली पायरी वाटे. अल्बेनियन तरुणांना त्यावाचून नोकरी व प्रतिष्ठा यांचा मार्ग दिसत नव्हता. अल्बेनियन, मॅसिडोनियन व इंग्रजी अशा तीन भाषांत शिकविणारी खासगी संस्था, हा तोडगा व्हॅन डेर स्टूल यांनी पुढे आणला, त्यासाठी २००० मध्ये कायदा होऊ दिला आणि देशोदेशींच्या सरकारांकडून निधी जमविला. तोवर २००१ चा सशस्त्र संघर्ष पेटला होता. ऑगस्टमध्ये ओह्रिड करार झाला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तेतोव्होत आग्नेय युरोप विद्यापीठाचे दरवाजे उघडले. संघर्ष टळला नाही, पण संघर्षानंतर उभे राहण्यासाठी काहीतरी तयार होते.

क्रिमियाच्या स्वायत्ततेसाठी युक्रेन सरकार व स्थानिक नेत्यांना त्यांनी १९९५ मध्ये लोकार्नो आणि १९९६ मध्ये नोर्डवाइक येथे एका मेजाभोवती बसविले. तो प्रश्न शांततेने सुटल्याचे अनेक वर्षे दाखले दिले जात. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला. बाहेरून आलेल्या सैन्यापुढे अंतर्गत समेटाचा उपयोग नव्हता. स्लोव्हाकिया व रोमानियातील हंगेरियन, कझाकस्तानातील रशियन आणि सर्वत्र उपेक्षित राहिलेले रोमा यांच्या प्रश्नांतही त्यांनी लक्ष घातले. शिक्षण, भाषा व सार्वजनिक जीवनातील सहभाग यांविषयी तज्ज्ञांकडून त्यांनी तयार करून घेतलेल्या हेग (१९९६), ऑस्लो (१९९८) आणि लुंड (१९९९) येथील शिफारशी आजही अल्पसंख्याक हक्कांच्या अभ्यासकांना वाचाव्या लागतात.

एक राजघराण्यातील प्रकरण

पद सोडण्याच्या सुमारास पंतप्रधान विम कोक यांनी त्यांच्यावर वेगळीच कामगिरी सोपविली. युवराज विलेम-अलेक्झांडर यांच्या अर्जेंटिनी वाग्दत्त वधू माक्सिमा यांचे वडील होर्गे सोरेगिएता हे तेथील लष्करी राजवटीत कृषी खात्याचे प्रमुख होते. हजारो माणसे बेपत्ता करणाऱ्या सरकारचा सदस्य डच राजघराण्याच्या विवाहात वधुपिता म्हणून मिरवणे अनेकांना असह्य होते. पित्याला मुलीच्या लग्नापासून दूर ठेवणेही सोपे नव्हते. व्हॅन डेर स्टूल यांनी सोरेगिएता यांच्याशी गुप्तपणे बोलणी केली आणि विवाहाला न येण्यास त्यांना राजी केले. २ फेब्रुवारी २००२ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये विवाह झाला तेव्हा वधूचे आईवडील तेथे नव्हते. सर्वसामान्य डच नागरिकाला हा मुत्सद्दी आठवतो तो बहुधा नार्व्ह्यापेक्षा या कामगिरीमुळे.

उच्चायुक्तपदाची सूत्रे स्वीडनचे रोल्फ एकेउस यांनी घेतली. अल्पसंख्याकांच्या क्षेत्रातील कार्यासाठी डच सरकारने २००३ पासून व्हॅन डेर स्टूल यांच्या नावाने दर दोन वर्षांनी पुरस्कार सुरू केला. त्याची रक्कम ५० हजार युरो आहे. २३ एप्रिल २०११ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, हेग येथे त्यांचे निधन झाले. प्रागमध्ये एका उद्यानाला आता त्यांचे नाव आहे.